हित्तीन, ४ जुलै ११८७ : पाणवठा सोडल्याची किंमत

आडवाट (धागाकर्ता)

क्रुसेडांविषयी (जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती लोकांनी काढलेल्या मोहिमांविषयी) मराठीत जे वाचायला मिळते, त्यात बहुधा एकच क्रम असतो : १०९५ मध्ये क्लेर्माँ येथे पोप दुसरा अर्बन याने केलेले आवाहन, १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडल्यावर झालेली कत्तल आणि मग एकदम इंग्लंडचा राजा रिचर्ड व इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन यांची जोडी. मधली ८८ वर्षे जेरुसलेमचे राज्य कसे तगले आणि मग ते एका उन्हाळ्यात कसे कोसळले, हा भाग दोन ओळींत उरकला जातो. हा धागा त्या एका उन्हाळ्यासाठी आहे. माझे म्हणणे असे, की ११८७ चा निकाल ४ जुलैला गॅलिलीच्या तलावाजवळच्या हित्तीनच्या रणात लागला नाही. तो ३ जुलैला पहाटे, फ्रँक, म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या पश्चिम युरोपीय ख्रिस्ती, सैन्याने सफूरियाचा पाणवठा सोडला तेव्हाच लागला. आणि तो पाणवठा का सोडला, याचे उत्तर धर्मश्रद्धेत शोधण्यापेक्षा दरबारातल्या हेव्यादाव्यांत शोधले पाहिजे.

आधी हे राज्य उभे कशावर होते ते पाहू. १०९९ नंतर बहुतेक यात्रेकरू-सैनिक आपला नवस फेडून मायदेशी परतले आणि मागे राहिलेले फ्रँक मूठभर होते. किनाऱ्यावरची बंदरे इटालियन व्यापाऱ्यांच्या जहाजांवर चालत, आतली गावे बव्हंशी अरबी बोलणाऱ्या मुसलमान आणि पौर्वात्य ख्रिस्ती शेतकऱ्यांची होती, आणि सरहद्द किल्ल्यांनी सांभाळलेली होती. अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर ११८४ मध्ये व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दमास्कसहून आक्रे बंदराकडे निघाला, त्याच सुमारास सलाहुद्दीनचे सैन्य फ्रँकांच्या मुलखातून लूट आणि कैदी घेऊन दमास्कसला परतत होते. लढणारे लढत होते आणि तांडे निर्धास्त चालत होते, याचे त्याला मोठे नवल वाटले. वाटेतल्या मुसलमान शेतकऱ्यांविषयी तो सांगतो, की ते निम्मे पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात एवढा कर फ्रँक धन्याला देतात, बाकी त्यांच्या घरादाराला कोणी हात लावत नाही. आणि स्वधर्मीय जमीनदारांच्या हाताखालच्या आपल्या भाऊबंदांपेक्षा हे लोक बरे राहतात, याची त्याला मनापासून खंत वाटते. निम्म्या बटाईचा हा हिशेब वाचला, की ही ‘पवित्र भूमी’ कोणाच्या तरी पेरणी-कापणीवर जगत होती, हे ध्यानात येते.

या राज्याच्या गादीवर ११७४ पासून चौथा बाल्डविन हा कुष्ठरोगी राजा होता. त्याचा रोग प्रथम ओळखला तो त्याचे गुरू, टायरचे विल्यम यांनी. सरदारांची मुले खेळताखेळता एकमेकांच्या दंडांना नखांनी चिमटे काढत असत. बाकीची मुले कळवळून ओरडत, आणि हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा मात्र शांतपणे सोसत असे. विल्यम यांना आधी वाटले, की हा त्याचा सोशिकपणा आहे. मग त्यांनी विचारपूस केली, तेव्हा उजवा हात आणि दंड बराचसा बधिर झाला आहे, असे आढळले. हाच मुलगा पुढे घोड्यावर बसून सैन्याबरोबर गेला आणि २५ नोव्हेंबर ११७७ रोजी माँजिसार्ड येथे सलाहुद्दीनचा पराभव झाला. ११८५ मध्ये बाल्डविन वारला, त्याचा लहानगा भाचा पाचवा बाल्डविन ११८६ मध्ये गेला, आणि बहीण सिबिला राणी होऊन तिने आपला नवरा गी द ल्युसिन्याँ याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. त्रिपोलीचा काउंट रेमंड याला हे इतके झोंबले, की त्याने सलाहुद्दीनशी स्वतंत्र तह केला.

या गीविषयी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ११८३ मध्ये बाल्डविन आजारी असताना राज्याची सूत्रे गीकडे होती आणि सलाहुद्दीन जॉर्डन ओलांडून आत आला होता. तेव्हा फ्रँक सैन्य झऱ्यांच्या आश्रयाने ठाण मांडून बसले आणि त्याने लढाई दिली नाही. काही दिवसांनी सलाहुद्दीनची रसद संपत आली आणि तो परत गेला. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी योग्य होते. कारण राज्याकडे सैन्य एकच होते, आणि ते गमावले तर किल्ले राखायला माणसे उरणार नव्हती. पण दरबाराने गीला भेकड ठरवले आणि राजाने त्याच्याकडून कारभार काढून घेतला. चार वर्षांनी तोच पेच पुन्हा समोर आला, तेव्हा त्याच्या मनात हा अपमान ताजा असणार, हे उघड आहे.

११८७ च्या आरंभाच्या सुमारास केराकचा धनी रेनाल्ड याने तह चालू असताना मुसलमानांचा एक मोठा तांडा लुटला. भरपाई देण्यास त्याने राजालाही साफ नकार दिला. १ मे रोजी नाझारेथजवळ क्रेसनच्या झऱ्यांपाशी टेंपलर या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा प्रमुख जेरार्ड याने जेमतेम दीडशेच्या आतबाहेर सरदार घेऊन हजारोंच्या फौजेवर घोडे घातले. तो आणि आणखी काहीच जण जिवंत परतले, आणि तशाच हॉस्पिटलर पंथाचा प्रमुख तिथे मारला गेला. या आपत्तीने घाबरून रेमंड आणि गी यांनी समेट केला. किल्ले जवळजवळ रिकामे करून सगळे सैन्य सफूरियाला गोळा झाले : सुमारे १,२०० सरदार आणि पायदळ, हलके स्वार धरून एकंदर १५ ते २० हजार माणसे. सफूरियाला भरपूर पाण्याचे झरे होते. सलाहुद्दीनपाशी साधारण ३० हजारांची फौज असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

२ जुलैला सलाहुद्दीनने तिबेरियस शहर घेतले आणि रेमंडची पत्नी एशिवा तिथल्या गढीत अडकली. हे उघडउघड आमिष होते. त्या रात्रीच्या मसलतीत रेमंड स्वतः म्हणाला, की शहर माझे, आत बायको माझी, तरी जाऊ नका. वाटेत पाणी नाही. राजाने ते मानले. मध्यरात्रीनंतर जेरार्ड एकटा राजाच्या तंबूत गेला, आणि पहाटे कूच करण्याचा हुकूम निघाला.

सफूरियाहून तिबेरियस २५-३० किलोमीटर आहे. एक तृतीयांश वाटेवर तुरानचा झरा लागतो, पण सैन्य तिथे थांबले नाही, आणि ते पुढे सरकताच सलाहुद्दीनच्या माणसांनी तो झरा मागून ताब्यात घेतला. दिवसभर धनुर्धारी स्वारांनी पिछाडी सतावून सोडली. संध्याकाळी मस्काना येथे कोरड्या माळावर मुक्काम पडला. समोर उताराखाली गॅलिलीचा अख्खा तलाव, आणि त्यांच्या घशाला थेंब नाही. मुसलमान छावणीत मात्र उंटांवरून तलावाचे पाणी पखालींतून येत होते. सकाळी वाळलेल्या गवताला आगी लावल्या गेल्या आणि वाऱ्याने धूर फ्रँकांच्या तोंडावर आला. पायदळ फळी सोडून हित्तीनच्या दोन सुळक्यांकडे धावले. रेमंडने चढाई केली तेव्हा समोरच्या फळीने बाजूला होऊन त्याला वाट दिली आणि तो निसटून गेला.

शेवटचा प्रसंग अरबी इतिहासकार इब्न अल-असीर यांनी सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफदल याच्या तोंडून नोंदवला आहे. हा मुलगा त्या दिवशी बापाच्या शेजारी उभा होता. टेकडीवरून गीच्या सरदारांनी खाली झेप घेऊन मुसलमानांना सलाहुद्दीनपर्यंत मागे रेटले. बापाचा चेहरा उतरला, त्याने दाढी धरली आणि सैन्याला पुन्हा पुढे लोटले. फ्रँक टेकडीवर परतताच मुलगा आनंदाने ओरडला, की आपण त्यांना हरवले. पुन्हा झेप आली, पुन्हा ती परतवली, पुन्हा मुलगा ओरडला. तेव्हा बाप म्हणाला, की गप्प राहा, तो तंबू पडेपर्यंत आपण हरवलेले नाही. तो हे म्हणत असतानाच राजाचा लाल तंबू कोसळला. सलाहुद्दीन घोड्यावरून उतरला, त्याने जमिनीवर माथा टेकला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

यानंतर तीन महिन्यांच्या आत जेरुसलेम त्याच्या हाती आले. किल्ल्यांत माणसेच उरली नव्हती. या विषयाचा अभ्यास असलेल्या सभासदांनी यावर आपले मत अवश्य मांडावे.

माणदेशी

उत्तम लेख. पाण्याचा मुद्दा आपण मांडलात, तो पुस्तके वाचणाऱ्यांपेक्षा दुष्काळ पाहिलेल्यांना लवकर पटेल, म्हणून थोडी भर घालतो.

मेहनतीचे काम असेल तर उन्हाळ्यात एका घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी सहज लागते. सरदारापाशी एकापेक्षा अधिक घोडे, हलक्या स्वारांचे घोडे आणि ओझ्याची खेचरे धरून चार हजार जनावरे मानली, तरी एका दिवसाचे पाणी सव्वा लाख लिटरच्या घरात जाते. आणि माणसांचे वेगळेच. एवढे पाणी पखालींत भरून बरोबर नेणे अशक्य आहे. म्हणजे असे सैन्य एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यापर्यंतच चालू शकते, आणि मधली मजल त्याने एका दिवसात गाठलीच पाहिजे. एरवी ती गाठता येतेही. पण पिछाडीवर सतत बाण पडत असताना चाल निम्म्यावर येते.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे चारा छावणीत मी पाहिले आहे, की टँकर लांब असतानाच जनावरांना पाण्याचा वास लागतो. मग ती दाव्याला हिसके देऊ लागतात, आणि दोन माणसांना एक खोंड आवरत नाही. त्या रात्री मस्कानाच्या माळावर तलावाकडून वारा आला असेल, तर त्या तहानलेल्या घोड्यांना धरून ठेवणाऱ्या मोतद्दारांची काय दशा झाली असेल, याचा विचार मनातून जात नाही. बखरींत सरदारांची नावे येतात. या मोतद्दारांची येत नाहीत.

तुरानला न थांबण्याचा निर्णय मला मूळ निर्णयापेक्षाही मोठी चूक वाटतो. आपले मत काय?

आडवाट

माणदेशी, आपला हिशेब फार मोलाचा आहे. तुरानचा झरा सफूरियाच्या मानाने लहान होता आणि एवढ्या मोठ्या सैन्याची तहान तो भागवू शकला नसता, असे मत पुष्कळ अभ्यासक मांडतात. तरी तिथे मुक्काम केला असता, तर निदान मागे फिरण्याची वाट मोकळी राहिली असती. तुरान ओलांडल्यावर मागेही पाणी नाही आणि पुढेही नाही, अशी गत झाली. म्हणून ‘मूळ चूक कोणती’ याचे उत्तर मी सफूरियाच देईन, पण ती चूक दुरुस्त करण्याची शेवटची संधी तुरानला होती, हे मान्य करतो.

राजावर लढाईचे आणखी एक दडपण होते, ते मूळ लेखात राहून गेले. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या ११७० मधील हत्येच्या प्रायश्चित्तापोटी बरीच रक्कम टेंपलर आणि हॉस्पिटलर यांच्याकडे ठेव म्हणून पाठवली होती, आणि ती तो स्वतः क्रूस घेऊन येईल तेव्हा वापरायची होती. जेरार्डने टेंपलरांकडची ठेव परस्पर फोडून गीला दिली आणि त्यातून भाडोत्री सैनिक उभे केले. दुसऱ्याचा पैसा असा मोडल्यावर काही न करता छावणीत बसून राहणे राजाला किती जड गेले असेल, हे सांगायला नको.

शिलालेख

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु दोन आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप श्रद्धेला बाजूला सारण्यावर आहे. या सैन्याच्या मध्यभागी येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा लाकडी अवशेष सोन्याने मढवून नेला जात होता आणि तो आक्रेच्या बिशपांच्या हाती होता. बिशप मारले गेले आणि क्रूस शत्रूच्या हाती पडला. युरोपात ही बातमी पोहोचली, तेव्हा राज्य गेल्याच्या दुःखाइतकेच क्रूस गेल्याचे दुःख होते. पोप आठवा ग्रेगरी याने ऑक्टोबर ११८७ मध्ये काढलेल्या पत्रात या पराभवाचे खापर सर्व ख्रिस्ती लोकांच्या पापांवर फोडले आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये उत्पन्नाचा व जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा कर म्हणून बसवला गेला, आणि लोकांनी त्याला ‘सलाहुद्दीनचा दशांश’ असेच नाव दिले. केवळ दरबारी हेव्यादाव्यांसाठी माणसे एवढी मोठी तोशीस सोसत नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की आपण तंबू पडल्यावर थांबलात. त्यानंतर जे झाले, ते सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. सलाहुद्दीनने गीला बर्फाने गार केलेले पाणी दिले, गीने उरलेले रेनाल्डला दिले, तेव्हा सलाहुद्दीन म्हणाला, की याला पाणी मी दिलेले नाही. कैद्याला यजमानाने अन्नपाणी दिले तर त्याला अभय मिळते, असा रिवाज होता. मग त्याने रेनाल्डला स्वतःच्या हाताने मारले. रेनाल्डच्या बाबतीत शपथभंगाचे कारण तरी होते. परंतु दोन दिवसांनी २०० हून अधिक टेंपलर आणि हॉस्पिटलर कैद्यांचे शिरच्छेद झाले, आणि ते काम छावणीतल्या सूफी आणि विद्वान मंडळींवर सोपवले गेले. ज्यांनी आयुष्यात तलवार धरली नव्हती, त्यांचे घाव चुकत होते. सलाहुद्दीनचा चिटणीस इमादुद्दीन याने हे सर्व मोठ्या समाधानाने लिहून ठेवले आहे. दमास्कसच्या बाजारात गुलामांचा भाव इतका उतरला, की एक कैदी पायताणांच्या जोडावर विकला गेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ‘उदार सलाहुद्दीन’ ही प्रतिमा पुढे युरोपनेच उचलून धरली. ती जशीच्या तशी घेऊ नये.

आडवाट

शिलालेख, आपला पहिला आक्षेप मी स्वीकारतो. ‘श्रद्धेपेक्षा हेवेदावे’ ही माझी मांडणी एकांगी झाली. ती माणसे तिथे श्रद्धेने आली होती आणि श्रद्धेनेच मेली. फक्त ३ जुलैच्या पहाटेचा तो एक हुकूम श्रद्धेतून निघाला नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसऱ्या आक्षेपावर सविस्तर लिहायला हवे, कारण जेरुसलेमच्या शरणागतीचा व्यवहार पाहिल्याशिवाय सलाहुद्दीनला उदार किंवा क्रूर ठरवता येत नाही.

हित्तीनहून निसटलेल्यांत इबेलिनचा बालियन होता. त्याची पत्नी मारिया जेरुसलेममध्ये अडकली होती. तिला बाहेर काढण्यासाठी त्याने सलाहुद्दीनकडे परवानगी मागितली, आणि एक रात्र राहून परत येण्याच्या शपथेवर ती मिळाली. शहरात पाऊल टाकताच लोकांनी त्याला घेरले; लढवय्या असा कोणी उरलाच नव्हता. पॅट्रिआर्क, म्हणजे जेरुसलेमचे सर्वोच्च ख्रिस्ती धर्मगुरू, हेराक्लियस यांनी त्याला शपथेतून मुक्त केले. बालियनने सलाहुद्दीनला आपली अडचण कळवली, तेव्हा त्याने रोष तर धरला नाहीच, उलट मारियाला आणि मुलांना बाहेर नेण्यासाठी सोबत दिली. बालियनने सोळा वर्षांवरील सरदारपुत्रांना आणि काही नागरिकांना सरदारकी देऊन तटावर उभे केले. २० सप्टेंबरला वेढा सुरू झाला, आणि काही दिवसांत तटाला खिंडार पडले.

तेव्हा बोलणी झाली. सलाहुद्दीनने प्रथम सांगितले, की १०९९ मध्ये तुम्ही हे शहर जसे घेतले, तसेच मी घेईन. बालियनने उत्तर दिले, की असे असेल तर आम्ही आतल्या हजारो मुसलमान कैद्यांना मारू, घुमट (डोम ऑफ द रॉक) आणि अल-अक्सा मशीद पाडू, आपल्या बायकामुलांनाही आपल्या हातांनी मारू आणि मग बाहेर येऊन लढून मरू. यानंतर सलाहुद्दीनने आपल्या सल्लागारांना विचारले, आणि सौदा ठरला : पुरुषामागे १० दिनार, स्त्रीमागे ५, मुलामागे १ किंवा २, आणि भरायला मुदत ४० दिवस. गरिबांसाठी ३० हजार दिनार ठोक ठरले. फ्रँक बखरींनुसार त्यात सात हजार माणसे सुटली. ही रक्कम हेन्रीच्या त्याच ठेवीच्या उरलेल्या भागातून, म्हणजे हॉस्पिटलरांकडच्या पैशातून, उभी राहिली असे त्या बखरी सांगतात. ठेवीचा एक हिस्सा हित्तीनवर गेला आणि दुसऱ्याने माणसे सोडवली.

२ ऑक्टोबरला शहर ताब्यात आले. हिजरी कालगणनेत तो २७ रजब होता, म्हणजे मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे पैगंबरांच्या जेरुसलेमहून झालेल्या मेराजचा, म्हणजे स्वर्गारोहणाचा, दिवस. तो योग साधण्याची सलाहुद्दीनला जाणीव होती. कत्तल झाली नाही आणि लूट झाली नाही. त्याचा भाऊ अल-आदिल याने एक हजार कैदी मागून घेतले आणि सोडून दिले. पॅट्रिआर्कना सातशे आणि बालियनला पाचशे दिले गेले. तरीही सुमारे १५ हजार माणसे पैशाअभावी गुलामगिरीत गेली. त्याच वेळी पॅट्रिआर्क स्वतःचे दहा दिनार भरून सोन्याचांदीच्या पेट्या लादून बाहेर पडले. ते अडवावे, असे सलाहुद्दीनला सुचवण्यात आले, पण दिलेला शब्द मोडायला तो तयार झाला नाही.

म्हणून माझे उत्तर असे, की त्याने करार केला आणि तो अक्षरशः पाळला. १५ हजारांची गुलामगिरी हाही त्या कराराचाच भाग होता. १०९९ शी तुलना केली तर फरक प्रचंड आहे. २० ऑगस्ट ११९१ रोजी आक्रेबाहेर रिचर्डने सुमारे २,७०० मुसलमान कैदी मारले, त्याच्याशी तुलना केली तरी फरक दिसतो. पण हित्तीननंतरचे शिरच्छेद त्यामुळे पुसले जात नाहीत, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

मोडीवाचक

चर्चा वाचून शब्दांविषयी लिहावेसे वाटले. आपण मराठीत क्रुसेडला सरसकट ‘धर्मयुद्ध’ म्हणतो, आणि त्यामुळे वाचकाची दिशाभूल होते. महाभारतात युद्धापूर्वी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले : रथीने रथीशी लढावे, पळणाऱ्यावर, शरण आलेल्यावर, निःशस्त्रावर शस्त्र चालवू नये. अशा नियमांनी लढलेले ते धर्मयुद्ध. तिथे ‘धर्म’ म्हणजे पंथ नव्हे. क्रुसेडसाठी त्या काळचे लॅटिन लेखक ‘प्रवास’ किंवा ‘यात्रा’ अशा अर्थाचे शब्द वापरत, आणि निघणाऱ्याला ‘क्रूस धारण केलेला’ म्हणत. नवस बोलून, खांद्यावर चिन्ह शिवून, घरदार मागे ठेवून निघायचे. मात्र हातात शस्त्र घेऊन. ‘सशस्त्र यात्रा’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

अरबी इतिहासकारांनीही यांना ‘क्रूसवाले’ म्हटले नाही. ‘क्रुसाची युद्धे’ हा अरबी शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातला आहे. त्यांच्या लेखी हे होते ‘फरंज’, म्हणजे फ्रँक. हाच शब्द फारसीतून आपल्याकडे ‘फिरंगी’ झाला. मराठी कागदपत्रांत पोर्तुगिजांना फिरंगी म्हटलेले आणि युरोपीय पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हटलेले मी कितीदा वाचले आहे, त्याची गणती नाही. म्हणजे इब्न अल-असीर यांनी गीच्या सैन्यासाठी जो शब्द वापरला, तोच आपल्या तोंडी आजही आहे.

गलबत

मोडीवाचक यांच्या फिरंग्यांवरून एक दुवा जोडतो. १३१२ मध्ये टेंपलर पंथ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालचा राजा दिनिश याने आपल्या देशातली त्यांची मालमत्ता हातची जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये पोपच्या मान्यतेने ‘ख्रिस्ताचा पंथ’ हा नवा पंथ स्थापन झाला आणि ती सगळी त्याच्याकडे आली. पुढे राजपुत्र हेन्री या पंथाचा प्रशासक होता, आणि याच पंथाचा लाल क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर आला. गोव्यात आणि वसईत उतरलेली शिडे हीच. क्रेसनला घोडे घालणाऱ्या जेरार्डच्या पंथाचा वारसा असा समुद्रमार्गे कोकणपट्टीच्या किनाऱ्याला लागला.

उंबरठा

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण धागा दोनदा वाचला. माझे दोन साधे प्रश्न आहेत. विजयानंतर सलाहुद्दीनने शहरातल्या चर्चचे काय केले? आणि ज्यांनी दहा-दहा दिनार भरले, ती माणसे बाहेर पडून गेली कुठे? त्यांना तर घरच उरले नव्हते.

आडवाट

गलबत आणि मोडीवाचक, दोघांचेही मनापासून आभार. ‘सशस्त्र यात्रा’ हा शब्द मी यापुढे वापरेन.

उंबरठा, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. घुमटावर फ्रँकांनी बसवलेला सोन्याचा क्रूस खाली ओढला गेला, अल-अक्सा मशीद गुलाबपाण्याने धुऊन घेतली, आणि ९ ऑक्टोबरला तिथे शुक्रवारची नमाज झाली. सलाहुद्दीनच्या आधीचा सीरियाचा सुलतान नूरुद्दीन याने जेरुसलेम घेण्याच्या आशेने वीसएक वर्षांपूर्वी अलेप्पोत एक लाकडी मिंबर (मशिदीतले प्रवचनपीठ) करवून ठेवला होता. तो आणून तिथे बसवला. तो मिंबर १९६९ मध्ये लावलेल्या आगीत जळाला. येशूच्या थडग्याचे चर्च पाडावे, म्हणजे यात्रेकरू येण्याचे थांबतील, असे काहींनी सुचवले होते. पण खलिफा उमर यांनी शहर घेतले तेव्हा ते राखले होते, हा दाखला पुढे आला आणि चर्च वाचले. पौर्वात्य ख्रिस्ती लोकांना जिझिया देऊन राहू दिले, आणि ज्यूंना शहरात परत येण्याची मुभा मिळाली.

दुसरा प्रश्न अधिक दुखरा आहे. फ्रँक बखरींनुसार बाहेर पडलेल्यांचे तीन जथे केले गेले आणि वाटेत लुटारूंपासून रक्षणासाठी सलाहुद्दीनचे स्वार त्यांच्याबरोबर दिले गेले. म्हाताऱ्यांना आणि दमलेल्या बायकांना या स्वारांपैकी काहींनी आपल्या घोड्यांवर बसवले, असे त्यांत नोंदवले आहे. जेरुसलेमच्या राज्याच्या किनाऱ्याला टायर हे एकच मोठे शहर ख्रिस्ती हाती उरले होते, पण आत धान्य अपुरे होते आणि वेढ्याची भीती होती, म्हणून लढू शकणारे पुरुष तेवढे घेतले गेले. बाकीचे उत्तरेला त्रिपोलीकडे गेले. वाटेत एका ख्रिस्ती सरदाराच्या माणसांनीच त्यांना लुटले, आणि त्रिपोलीनेही अनेकांना वेशीबाहेर ठेवले.

आणखी काही निर्वासित दक्षिणेला गेले आणि इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला पोहोचले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना तटाजवळ उतरायला जागा दिली आणि पहारा ठेवला. हिवाळा त्यांनी तिथे काढला. मार्चमध्ये इटालियन जहाजे परतीला निघाली, तेव्हा ज्यांच्यापाशी भाडे होते ते चढले आणि हजारभर गरीब धक्क्यावरच राहिले. कप्तान म्हणाले, की यांनी भाडे दिलेले नाही आणि यांच्या जेवणाची सोय आमच्याकडे नाही. त्यावर अधिकाऱ्याने त्यांना विचारले, की हे तुमच्याच धर्माचे लोक ना? सलाहुद्दीनने त्यांना शब्द दिला आहे, म्हणून मी त्यांना इथे गुलाम होऊ देणार नाही. त्यांना घेतल्याशिवाय तुमची जहाजे बंदर सोडणार नाहीत. वाटेत लागणारे पाणी आणि शिधा त्याने आपल्याकडून दिला. मग कप्तानांनी त्या सगळ्यांना जहाजांवर घेतले.